चिमूटभर मीठ, मूठभर साखर आणि पेशीचे दार

(आमच्या प्रतिनिधीकडून)

जुलाब होऊन अंगातील पाणी जाऊ लागले की घरातील वडीलधारी मंडळी मीठ-साखरेचे पाणी करून देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात 'जलसंजीवनी'चे पाकीट हाती ठेवले जाते. हा उपाय इतका साधा आहे की त्यामागे काही मोठे शास्त्र असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. शरीरातून पाणी गेले म्हणून पाणी द्यायचे, हे सहज समजते. परंतु त्यात मीठ कशासाठी आणि साखर कशासाठी? 'अशक्तपणा येऊ नये म्हणून साखर' हे उत्तर बहुतेकांच्या तोंडी असते, आणि तिथेच गफलत होते. या साखरेचे मुख्य काम ताकद देण्याचे नसून दार उघडण्याचे आहे. ते दार असते आतड्याच्या प्रत्येक पेशीभोवतीच्या, मिलिमीटरच्या एक लक्षांशापेक्षाही पातळ अशा पडद्यात.

या दाराची गोष्ट केवळ प्रयोगशाळेपुरती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार बालके अतिसाराने दगावतात. त्यांतील अनेकांचे प्राण वाचवू शकणारा उपाय काही रुपयांत मिळतो. तो चुकीच्या प्रमाणात दिला गेला, किंवा त्याऐवजी गोड सरबताची बाटली दिली गेली, तर काय होते हे समजून घ्यायचे असेल, तर पेशीच्या पडद्यातून पदार्थांची ये-जा कशी होते, हे आधी पाहावे लागेल.

दोन पदरांचा पडदा

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे आणि प्रत्येक पेशी एका पडद्याने वेढलेली आहे. शालेय पुस्तकांत त्याला प्रद्रव्यपटल किंवा पेशीपटल म्हणतात. या पडद्याच्या घडणीचा पहिला सुगावा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्नेस्ट ओव्हर्टन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून लागला. तेलात सहज विरघळणारे पदार्थ पेशीत झटकन शिरतात आणि केवळ पाण्यात विरघळणारे पदार्थ बाहेरच अडखळतात, असे त्याला आढळले. त्यावरून पेशीचे आवरण तेलासारख्या, म्हणजे मेदयुक्त पदार्थाचे असावे, असा त्याचा कयास होता.

१९२५ मध्ये नेदरलँड्समधील गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद वेगळा काढला आणि तो पाण्यावर एकपदरी पसरून त्याचे क्षेत्रफळ मोजले. ते रक्तपेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. याचा अर्थ पडद्यात मेदाचे दोन पदर आहेत. या मेदाच्या प्रत्येक रेणूला पाणी आवडणारे डोके आणि पाण्याचा तिटकारा असलेली दोन शेपटे असतात. दोन्ही पदरांची शेपटे एकमेकांकडे तोंड करून आत दडतात, तर डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे राहतात. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी या चित्रात प्रथिनांची भर घातली. मेदाच्या या दोन पदरांत प्रथिने जागोजागी रुतलेली असून ती पदरांमध्ये तरंगत इकडून तिकडे सरकू शकतात, असे त्यांनी मांडले.

या रचनेतून पडद्याचा सारा स्वभाव ठरतो. प्राणवायू, कर्बवायू, मद्यार्क असे पदार्थ मेदाच्या पदरांतून थेट आरपार जातात. त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. मात्र मिठातील सोडियम आणि क्लोराईड हे विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, तसेच ग्लुकोजसारखे पाण्यात रमणारे मोठे रेणू यांना मेदाचा तो मधला थर ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांची दारे आहेत आणि कोणत्या दारातून कुणाला सोडायचे, याचे नियम कडक आहेत. म्हणूनच या पडद्याला 'निवडक्षम पारपटल' असे नाव आहे.

उताराची वाट

पदार्थांच्या हालचालीचा पहिला नियम साधा आहे. जिथे दाटी अधिक, तिथून जिथे दाटी कमी तिकडे कण आपोआप पसरतात. देवघरातील उदबत्तीचा सुवास ओटीपर्यंत पोहोचतो, तो याच नियमाने. याला विसरण म्हणतात. त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागत नाही. मेदाच्या थरातून जाता न येणारा पदार्थ प्रथिनाच्या दारातून, पण उताराच्याच दिशेने गेला, तर त्याला सुकर विसरण म्हणतात. रक्तातील ग्लुकोज बहुतेक पेशींत असेच शिरते. स्नायूंच्या पेशींत तर ही ग्लुकोजची दारे एरवी पेशीच्या आत साठवून ठेवलेली असतात. जेवणानंतर इन्शुलिनचा संदेश आला की ती पडद्यावर आणून बसवली जातात. मधुमेहात बिघडते ती प्रामुख्याने हीच व्यवस्था.

पाण्याचा नियमही याच जातीचा आहे. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधीच लावून ठेवले तर वाडग्यात पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. उलट, सुकलेले बेदाणे पाण्यात टाकले की टम्म फुगतात. दोन्ही ठिकाणी पाणी एकाच दिशेने गेले आहे. जिकडे विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे. निवडक्षम पडद्यातून होणाऱ्या पाण्याच्या या प्रवासाला परासरण म्हणतात. तांबडी रक्तपेशी निव्वळ पाण्यात टाकली तर पाणी आत शिरून ती फुगते आणि फुटते. अतिखारट पाण्यात टाकली तर ती आक्रसते. शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाईनमध्ये एका लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते, ते यासाठीच. तेवढ्या मिठाने रक्तपेशी फुगतही नाहीत आणि आक्रसतही नाहीत.

पाण्याचा रेणू लहान असल्याने तो मेदाच्या थरातून थोडाफार झिरपतो. परंतु मूत्रपिंडासारख्या अवयवात पाणी ज्या वेगाने आत-बाहेर होते, त्याचा उलगडा केवळ झिरपण्याने होत नव्हता. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रक्तगटाशी संबंधित प्रथिनाचा शोध घेताना पीटर आग्रे यांना एक अनोळखी प्रथिन वारंवार आढळू लागले. बेडकाच्या अंड्यात ते प्रथिन तयार करवून ती अंडी साध्या पाण्यात सोडली, तेव्हा ती फुगून फुटली. नेहमीच्या अंड्यांना मात्र काहीच झाले नाही. हे पाण्याचे दार होते. 'ॲक्वापोरिन' या नावाने ते पुढे ओळखले जाऊ लागले. अशा एका दारातून सेकंदाला पाण्याचे सुमारे तीन अब्ज रेणू जातात, पण त्यातून एकही आयन सुटत नाही. या शोधाबद्दल आग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पोटॅशियमच्या दाराची अणुपातळीवरील रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन हे त्या वर्षीचे त्यांचे सहमानकरी होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पाण्यासाठी दार असले, तरी पाणी ओढून नेणारा स्वतंत्र पंप शरीराकडे नाही. पाणी हवे असेल तर आधी विरघळणारे पदार्थ पलीकडे न्यावे लागतात, मग पाणी त्यांच्या मागोमाग जाते. जलसंजीवनीचे अर्धे रहस्य या एका वाक्यात आहे.

चढावरचा पंप

उताराने वाहणे सोपे. परंतु पेशीला पुष्कळदा चढ चढावा लागतो. पेशीबाहेरच्या द्रवात सोडियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहापट असते. पोटॅशियमचे नेमके उलट असते, ते आत भरपूर आणि बाहेर अत्यल्प. विसरणाचा नियम मोकळा सोडला, तर काही वेळातच दोन्हीकडचे प्रमाण सारखे व्हावे. तसे होत नाही, कारण पडद्यातील एक प्रथिन अहोरात्र सोडियम बाहेर फेकत असते आणि पोटॅशियम आत ओढत असते.

डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठातील जेन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर प्रयोग करताना या पंपाचा छडा लावला. पेशीचे ऊर्जेचे चलन म्हणजे एटीपी. त्याचा एक रेणू खर्चून हा पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. याला सक्रिय वहन म्हणतात. आपण स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा वापरते, तिचा अंदाजे पाचवा ते चौथा हिस्सा या एका पंपावर खर्ची पडतो. एवढा खर्च शरीराला परवडतो, कारण मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचे आकुंचन आणि आतड्यातील शोषण ही सारी कामे या पंपाने उभ्या केलेल्या सोडियमच्या चढउतारावर चालतात. स्कौ यांना या शोधाचे नोबेल मिळायला मात्र १९९७ साल उजाडले.

धरणात पाणी अडवून ठेवले की ते खाली सोडताना त्याच्याकडून वीज निर्माण करता येते. सोडियमचेही तसेच आहे. पंपाने ते बाहेर अडवून ठेवले आहे आणि ते सतत आत येऊ पाहते. त्याच्या या ओढीचा उपयोग करून पेशी दुसरे पदार्थ आत खेचून घेते.

जोडीने या, तरच आत

याचे उत्तम उदाहरण आपल्या लहान आतड्यात आहे. तेथे दररोज आठ ते नऊ लिटर द्रव येतो. त्यातले दोनेक लिटर आपण खाल्ल्या-प्यालेल्यातले असतात आणि उरलेला लाळ, जठररस, पित्त वगैरे रूपाने शरीरानेच ओतलेला असतो. यातील जवळजवळ सर्व द्रव परत शोषला जातो आणि शौचावाटे शे-दोनशे मिलिलिटरच बाहेर पडतो. हे शोषण होते कसे?

ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथे भरलेल्या एका परिषदेत अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी त्याचे उत्तर मांडले. आतड्याच्या पेशीच्या पोकळीकडील बाजूस असे एक दार आहे की ज्यातून एकटे ग्लुकोज आत येऊ शकत नाही. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच ते दार त्यांना पलीकडे नेते. आज या दाराला 'एसजीएलटी-१' असे नाव आहे आणि ते दोन सोडियममागे एक ग्लुकोज आत घेते, हेही ठाऊक आहे. सोडियमला आत येण्याची ओढ असतेच. त्या ओढीवर स्वार होऊन ग्लुकोजही येते.

पुढचा प्रवास पेशीच्या दुसऱ्या, म्हणजे रक्ताकडील बाजूला होतो. तेथे स्कौ यांचा पंप सोडियमला बाहेर काढतो, तर ग्लुकोज आपल्या वेगळ्या दारातून उताराने बाहेर पडते. दोन्ही पदार्थ पलीकडे साठले, की परासरणाच्या नियमाप्रमाणे पाणी त्यांच्या मागे धावते. काही पाणी पेशींमधून जाते, काही शेजारच्या पेशींमधील सांध्यांच्या फटींतून. अशा रीतीने मीठ आणि साखर मिळून आतड्यातील पाणी रक्तात आणून सोडतात. नुसते मीठ दिले तर या दारातून सोडियम जात नाही. नुसती साखर दिली तर तिला सोबती मिळत नाही. आणि नुसते पाणी दिले तर त्याला ओढून नेणारे कुणी नसते.

पटकीचा घाला

हे गणित किती महत्त्वाचे आहे, ते पटकीच्या साथींनी दाखवून दिले. महाराष्ट्रातील गावोगावची मरीआईची ठाणी या रोगाच्या दहशतीची आजही साक्ष देतात. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत निष्प्राण होई. तीव्र पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू निश्चित केला खरा. पण हा जंतू आतड्याच्या आत खोलवर न शिरता, पेशींची नासधूस न करता माणसाचा जीव घेतो कसा, याचे उत्तर पुढे पाऊणशे वर्षे मिळाले नाही.

ते दिले कोलकात्याचेच डॉ. शंभूनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात त्यांनी पटकीचे जंतू सोडले, तेव्हा तो भाग पाण्याने भरून गेला. १९५९ मध्ये त्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. जंतू गाळून काढलेला, केवळ त्यांचा स्राव उरलेला द्रव टोचूनही तोच परिणाम होतो, हे त्यांनी दाखवले. म्हणजे मारक होते ते जंतूने सोडलेले विष. 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाला डे यांच्या हयातीत देशात म्हणावी तशी दाद मिळाली नाही. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे विष नेमके काय करते, तेही पुढे उलगडले. ते आतड्याच्या पेशीत शिरून एक कळ कायमची चालू स्थितीत अडकवून ठेवते. परिणामी पेशीत चक्रीय एएमपी नावाच्या संदेशवाहकाचा पूर येतो आणि पोकळीकडील क्लोराईडचे दार सताड उघडे पडते. क्लोराईड बाहेर धावते, त्यापाठोपाठ सोडियम जाते आणि दोहोंच्या मागे पाणी. त्याच वेळी आतड्यातील मीठ आत घेण्याची एक नेहमीची वाटही बंद होते. (क्लोराईडचे हेच दार जन्मतः सदोष असले तर उलटा अनर्थ होतो. पाणी बाहेर येत नाही, फुफ्फुसातील श्लेष्मा घट्ट होतो. सिस्टिक फायब्रोसिस हा आजार तो हाच.)

मात्र या सर्व धुमाकुळात एका दाराला धक्का लागत नाही. सोडियम आणि ग्लुकोजला जोडीने आत घेणारे क्रेन यांचे दार पटकीतही शाबूत असते. एकीकडे पाणी वाहून जात असताना दुसरीकडून ते परत आत घेता येते. आतड्याच्या अस्तरातील पेशी दर चार-पाच दिवसांनी बदलल्या जातात. विषाने ग्रासलेल्या पेशी गळून पडेपर्यंत शरीरातील पाणी टिकवून ठेवले, म्हणजे रोगी बचावतो.

बनगाव, १९७१

शास्त्र आणि व्यवहार यांची गाठ पडायला थोडा काळ गेला. १९५३ मध्ये कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन १८६ रुग्णांवर उपचार केल्याचे 'लॅन्सेट'मध्ये नोंदवले होते. पण त्यामागचे कारण सांगता येत नसल्याने ते दुर्लक्षित राहिले. क्रेन यांच्या शोधानंतर चित्र बदलले. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी, रुग्णाचे जेवढे पाणी जाते तेवढे मोजून तोंडावाटे परत दिले, तर सलाईनची गरज मोठ्या प्रमाणात घटते हे सिद्ध केले. तरीही हा उपचार प्रशिक्षित लोकांनी रुग्णालयातच करावा, असा वैद्यकीय वर्तुळाचा आग्रह होता.

तो आग्रह परिस्थितीने मोडला. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेलगतच्या बनगाव येथील छावण्यांत पटकी पसरली. रुग्णालयात खाटा पुरेनात, रुग्ण जमिनीवर पडलेले, आणि सलाईनच्या बाटल्यांचा साठा संपत आलेला. तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची मिश्रणे तयार करून घेतली. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा असे हे प्रमाण होते. ही मिश्रणे पाण्यात कालवून पिंपांत भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते पाणी पेल्यापेल्याने पाजावे, असे ठरवले. निर्णय धाडसी होता, कारण नियमित चाचण्यांची चौकट त्यात नव्हती. परंतु ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले.

जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी हे काम प्रत्यक्ष पाहिले आणि पुढे त्याचा पाठपुरावा केला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने, साखर आणि मीठ यांच्या या एकत्रित वहनाचा शोध हा बहुधा शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा आशयाचे संपादकीय लिहिले. बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेच्या महिला कार्यकर्त्यांनी १९८० ते १९९० या दशकात एक कोटीहून अधिक घरांत जाऊन तीन बोटांची चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ यांचे पाणी करायला मातांना शिकवले. या उपचाराने आजवर जगात पाच कोटींहून अधिक प्राण वाचवले असावेत, असा अंदाज आहे. डॉ. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

प्रमाण चुकले की...

साखर उपयोगी आहे, मग अधिक साखर अधिक उपयोगी का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर पुन्हा कोशिंबिरीत आहे. आतड्याच्या पोकळीत साखर गरजेपेक्षा जास्त झाली, तर जोडीच्या दारांना ती सारी आत घेता येत नाही. उरलेली साखर पोकळीतच राहते आणि परासरणाने उलट रक्तातले पाणी आतड्यात खेचते. जुलाब थांबण्याऐवजी वाढतात.

याच कारणाने जलसंजीवनीचे मूळ सूत्रही बदलण्यात आले. जुन्या द्रावणाची परासरणी तीव्रता ३११ एकके होती, म्हणजे रक्तापेक्षा किंचित अधिक. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती २४५ वर आणली. या सौम्य द्रावणात सोडियम आणि ग्लुकोज समसमान, म्हणजे लिटरमागे प्रत्येकी ७५ एकके असतात. त्याने मुलांमधील जुलाबाचे प्रमाण, उलट्या आणि सलाईन लावण्याची वेळ या तिन्ही गोष्टी घटल्या.

आता बाटलीबंद शीतपेयाकडे पाहा. त्यात लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर असते, तर जलसंजीवनीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. सोडियम शीतपेयात नावापुरतेच असते. जुलाब होणाऱ्या मुलाला असे पेय देणे म्हणजे सोबत्याविना पाहुण्यांचा लोंढा दारात आणून उभा करणे होय. नावात 'ओआरएस' असलेली, पण फळांच्या रसासारखी गोड पेये औषधांच्या दुकानांत अनेक वर्षे विकली जात होती आणि पालक ती जलसंजीवनी समजून मुलांना पाजत होते. बालरोगतज्ज्ञांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. पेशीच्या पडद्यातील एका दाराचा नियम बाजारातील वेष्टनाला लागू व्हायला एवढा काळ लागला.

उलट, आपल्या स्वयंपाकघरातील काही जुनी पथ्ये या नियमात चपखल बसतात. मीठ घातलेली तांदळाची पेज हे त्यातले ठळक उदाहरण. पिठूळ पदार्थाचे रेणू मोठे असल्याने पाण्याची परासरणी तीव्रता फारशी वाढत नाही, आणि आतड्यात ते तुटून ग्लुकोज हळूहळू सुटत राहते. मीठ घातलेले ताकही चालते. शर्करेचा मारा नाही आणि सोडियमला सोबती मिळत राहतो.

तेच दार, दुसरे औषध

या दाराच्या सख्ख्या भावंडाचा उपयोग आता वेगळ्याच रोगात होत आहे. आपली मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळे परत घेतात. त्यातले बहुतांश काम 'एसजीएलटी-२' या दाराचे असते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळे काढलेले फ्लोरिझिन हे द्रव्य ही दारे अडवते, असे पुढे आढळले. त्या धर्तीवर बनवलेली 'ग्लिफ्लोझिन' गटातील औषधे एसजीएलटी-२ हे दार बंद करून जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. मधुमेहासाठी आलेली ही औषधे हृदय आणि मूत्रपिंडाच्या विकारांतही उपयुक्त ठरली. त्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचे भारतातील पेटंट मार्च २०२५ मध्ये संपल्याने त्याच्या किमती बऱ्याच उतरल्या. ती अर्थातच वैद्यकीय सल्ल्याविना घ्यायची नाहीत.

एकच दार. एका रोगात ते वापरून जीव वाचवायचा, दुसऱ्यात त्याचे भावंड बंद करून. दोन्हीकडे औषध शोधण्याआधी कुणीतरी पेशीचा पडदा कसा चालतो, हे निव्वळ कुतूहलापोटी तपासले होते. खेकड्याचे मज्जातंतू तपासणाऱ्या स्कौ यांच्या किंवा प्रागमध्ये आकृती काढणाऱ्या क्रेन यांच्या डोळ्यांपुढे बनगावची छावणी नव्हती. परंतु त्यांच्या कामामुळे आज घरातील डबे उघडून, मोजून घेतलेल्या मीठ-साखरेच्या जोरावर एखादी माता आपले मूल वाचवू शकते. त्यातील 'मोजून' हा शब्द तेवढा विसरून चालणार नाही.

चौकट : जलसंजीवनी देताना

* पाकीट मिळत असेल तर तेच वापरावे. एका लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. वेष्टनावर हे प्रमाण आहे का, ते वाचावे.

* पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात एकदमच घालावे. थोडे थोडे पेल्यात टाकू नये, प्रमाण बिघडते. मिश्रण केल्यावर ते उकळू नये आणि २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यावे.

* पाकीट नसल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे. आपली नेहमीची साखर आतड्यात तुटून निम्मे ग्लुकोज होते, म्हणून ती ग्लुकोजच्या जवळपास दुप्पट घ्यावी लागते. मीठ जास्त पडणे धोक्याचे आहे. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी देऊ नये.

* प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, तर दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर घोट-घोट द्यावे. मोठ्यांनी हवे तेवढे घ्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे.

* अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहार बंद करू नये. मुलांना जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस देण्याची शिफारस आहे. मात्रा डॉक्टरांकडून विचारून घ्यावी.

* मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होऊ लागली, पाणी पिता येईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. अशा वेळी शिरेतून सलाईन देणेच आवश्यक असू शकते.